पावसाळ्यातली धिंगरी: पाणी कमी, हवा जास्त

आषाढ-श्रावणात कोकणात आणि घाटमाथ्यावर हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. धिंगरी अळिंबीला (ऑयस्टर मशरूमला) काढणीच्या काळात नेमकी तेवढीच लागते. त्यामुळे या हंगामात बेड, म्हणजे अळिंबीसाठी काड भरलेल्या पिशव्या, बिघडतात ते पाण्याअभावी नव्हे, तर जादा पाण्याने आणि कोंडलेल्या हवेने. दिवसातून दोन-तीनदा फवारा मारायचा, हा कोरड्या दिवसांतला नियम आता बाजूला ठेवा. बेड वरून सुकलेला वाटला तरच हलका फवारा द्या. छत्र्यांवर पाणी साचून राहिलं की त्या पिवळ्या पडतात, चिकट होतात.

निम्मं यश काडातच असतं. उन्हाळ्यात साठवलेलं गव्हाचं काड किंवा मागच्या हंगामातला भाताचा पेंढा घ्या, पण एकदाही न भिजलेला. भिजून पुन्हा वाळलेला पेंढा काळपट दिसतो, कुबट वास मारतो. त्यात दुसऱ्या बुरशीने आधीच घर केलेलं असतं आणि तो कितीही उकळला तरी भरवसा नाही. चांगल्या काडाचे ३ ते ५ सें.मी.चे तुकडे करून पोत्यात भरा, रात्रभर भिजवा आणि ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवा. फॉर्मॅलिन आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवण्याची पद्धतही चालू आहे. पण शेड बंद, पाऊस बाहेर, अशा वेळी फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते. मी गरम पाण्याच्याच बाजूचा आहे. त्यासाठी लाकूडफाटा आधीच कोरड्या जागी रचून ठेवा.

पावसाळी हवेत काड निथळायला वेळ लागतो, तिथे घाई नको. मूठभर काड दाबल्यावर थेंब पडू नये, तळहात मात्र ओला व्हावा. १० किलो ओल्या काडाला २०० ग्रॅम ताजं स्पॉन (अळिंबीचं बियाणं) थराथराने टाका. स्पॉनवर हिरवा-काळा डाग दिसला तर ती पिशवी परत करा. साजोर काजू ही करडी धिंगरी २० ते ३० अंशांत येते, म्हणून आता तीच बरी. पांढरी फ्लोरिडा थंडीसाठी ठेवा. खात्रीचं स्पॉन आणि प्रशिक्षण यासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पाकडे चौकशी करता येईल.

भरलेल्या पिशव्यांना भोकं पाडून त्या अंधाऱ्या खोलीत ठेवल्या की १५ ते २० दिवसांत अळिंबीच्या तंतूंनी पांढऱ्या होतात. मग प्लास्टिक काढा आणि खिडक्या उघडा. देठ लांब आणि टोपी लहान येत असेल तर हवा कमी पडते आहे, पाणी नव्हे. खिडकीला बारीक जाळी हवीच, चिलटं आत आली की अळ्या होतात. हिरवी बुरशी दिसलेली पिशवी शेडमध्ये फोडू नका. तशीच उचलून लांब नेऊन पुरा. कडा वर वळण्याआधी तोडणी करा, त्यानंतर बीजाणूंची पांढरी धूळ उडते आणि खोकला मागे लागतो. आत जाताना मास्क लावा.

आता उन्हात वाळवणं होत नाही आणि ताजा माल फ्रिजमध्येही जेमतेम दोन-चार दिवस टिकतो. म्हणून सगळे बेड एकाच दिवशी भरू नका. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग दर आठवड्याला थोडे थोडे भरा.

याच पावसात वारुळांवर रानअळिंबी उगवते: गोव्यात रोंय ओळमी, विदर्भात सात्या. या छत्र्या वाळवीने वारुळात जोपासलेल्या बुरशीच्या असतात. वाळवीशिवाय त्या शेडमध्ये येत नाहीत, त्यामुळे त्यांचं 'बियाणं' कोणी विकत असेल तर पैसे देऊ नका. वारूळ खणू नका, काही छत्र्या जागेवर राहू द्या.

अभ्यासासाठी छत्रीची टोपी अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर वाटीखाली झाकून ठेवा. सकाळी बीजाणूंचा रंग उमटतो. गवतात येणाऱ्या मोठ्या पांढऱ्या विषारी छत्रीचा ठसा हिरवट येतो. वारुळावरच्या छत्रीचा गुलाबीसर. पण हा ठसा खाण्याचा परवाना नव्हे, कारण अमानिटा या जीवघेण्या रानछत्रीचा ठसा खाण्याजोग्या धिंगरीसारखाच पांढरा येतो. चांदीचा चमचा काळा पडला नाही, किड्यांनी कुरतडली आहे, या खुणा साफ खोट्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गोळा करणाऱ्या जाणत्या माणसाने ओळखलेलीच छत्री घरात आणा.

रानछत्री खाल्ल्यानंतर सहा ते बारा तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले तर धोका जास्त. मध्येच बरं वाटलं तरी घरी थांबू नका, यकृताची हानी त्यानंतर दिसते. थेट रुग्णालय गाठा आणि उरलेली भाजी, न शिजवलेली छत्री असेल तर तीही, सोबत न्या.