ग्रिगोरेस्कूची चित्रं बघायची तर बैलगाडी शेवटी ठेवा

निकोलाये ग्रिगोरेस्कू हे नाव सर्च केलं की आधी येतात त्या बैलगाड्या, धुळीचा रस्ता, दोन बैल, सोबत गाडीवान आणि वर भरपूर उजेड. आपल्याला ते लगेच ओळखीचं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो, "छान, गावाकडचं चित्र" म्हणत आपण पुढे सरकतो. रोमानियाची आधुनिक चित्रकला या माणसापासून धरतात, त्यांच्या 10 लेउच्या नोटेवर याचा चेहरा आहे, पण हे सगळं का, ते नुसत्या बैलगाडीवरून कळत नाही. म्हणून मी ज्यांना ज्यांना याची चित्रं दाखवते त्यांना एका ठरावीक क्रमानेच दाखवते.

पहिल्यांदा अगापियाच्या मठातली भित्तिचित्रं उघडा. हा ईशान्य रोमानियातला साध्वींचा मठ, इथलं काम त्याने 1858 ते 1861 मध्ये केलं, म्हणजे विशीतच. जन्म 1838 चा, वडील लहानपणी गेले, दहा वर्षांचा असताना बुखारेस्टला आंतोन क्लादेक नावाच्या चेक चित्रकाराकडे शिकायला गेला आणि मग देवांच्या तसबिरी रंगवून विकायचा, घरी पैसे लागायचे ना. अगापियातले संत बघताना फक्त कडा बघा. प्रत्येक आकार नीट बंद केलेला, चेहरे गोड, हात नाजूक, सगळं इटालियन वळणाचं. ही कडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

मग बार्बिझों. 1861 ला स्कॉलरशिपवर पॅरिसला गेला, तिथल्या आर्ट स्कूलमध्ये थोडे दिवस काढले आणि मग फोंतेनब्लोच्या जंगलाशेजारच्या या खेड्यात जाऊन राहिला, जिथे मिले, रूसो वगैरे फ्रेंच चित्रकार मंडळी स्टुडिओ सोडून उघड्यावर काम करत होती (ट्यूबमधले रंग तोवर आलेच होते, त्यामुळे रंगांचं सामान खांद्याला लटकवून रानात जाणं सोपं झालं होतं). आता या काळातलं कुठलंही चित्र उघडा आणि झूम करा. कडा सुटलेली दिसेल! पान कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही, नुसते ब्रशचे फटके, आणि झूम काढून चित्र अंगठ्याएवढं केलं की लख्ख झाड उभं. म्युझियममध्ये असाल तर हेच पायांनी करा, आधी नाकाजवळ, मग पाचसहा पावलं मागे. गुळगुळीत देवादिकांकडून इथवर तो पाचसात वर्षांत आला, आणि रोमानियात तेव्हा चित्र म्हणजे मुख्यतः चर्चमधलं काम नाहीतर बड्या लोकांची पोर्ट्रेट्स. बुखारेस्टची आर्ट स्कूलसुद्धा 1864 ची, थेओदोर आमान आणि ततारेस्कू या चित्रकारांनी सुरू केलेली.

आता युद्धाची चित्रं. 1877 ला ऑटोमन, म्हणजे तुर्की, सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलं तेव्हा हा सैन्याबरोबर आघाडीवर गेला आणि ढिगाने स्केचेस केली. तुर्की कैद्यांच्या रांगांची चित्रं जरूर बघा, शत्रूची हारलेली, थंडीने आखडलेली माणसं, आणि त्यांची टिंगल कुठेच नाही. मग 'स्मर्दानचा हल्ला' हे त्याच युद्धातल्या लढाईचं मोठं कॅनव्हास, 1885 ला पूर्ण झालेलं. यात घोड्यावरचा सेनापती शोधत बसू नका, मध्यभागी साधे शिपाई आहेत, थेट आपल्या अंगावर धावत येणारे. राष्ट्राच्या विजयाचं चित्र आणि त्यात नायक म्हणून शेतातून उठून आलेली पोरं, हे मला याच्या सगळ्या कामातलं सगळ्यात धाडसी वाटतं.

'हंस घेतलेला ज्यू' मात्र घाईत बघू नका, दहा मिनिटं काढा त्याच्यासाठी. 1880 च्या आसपासचं. एक ज्यू माणूस, काखेत पाळीव हंस, हातात कागद. हे समजायला मागचं थोडं माहीत हवं, 1878 च्या बर्लिन करारात रोमानियाला मान्यता मिळाली ती धर्मावरून कुणाचे हक्क नाकारायचे नाहीत या अटीवर, आणि 1879 ला घटना बदलली तरी ज्यूंना नागरिकत्व सरसकट मिळालं नाही, एकेकाला अर्ज करावा लागायचा. आता परत त्या कागदाकडे आणि हंसाकडे बघा. मग चेहऱ्याकडे.

आता बैलगाड्या उघडा. 1890 नंतर तो कांपिनाला राहायला गेला, बुखारेस्टच्या उत्तरेला, आणि तिथे पॅलेट उजळत उजळत जवळजवळ पांढरी झाली, याला पांढरा काळच म्हणतात. माझं स्पष्ट मत, यातली बरीच चित्रं एकाच साच्यातली आहेत, कंटाळा आला तर तुमची नजर चुकत नाहीये. पण धूळ आणि ऊन एकाच रंगात कसं मिसळलंय ते पाहून घ्या, बैल जणू त्यातच विरघळतात. आणि एक तारीख सोबत ठेवा. तो गेला जुलै 1907 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या वसंतात रोमानियातल्या शेतकऱ्यांनी उठाव केला होता, तो सैन्याने गोळ्या घालून चिरडला. या गाड्यांमध्ये त्याचा मागमूस नाही, उठावाचं चित्र ऑक्ताव बंचिला या दुसऱ्या चित्रकाराने काढलं, '1907' नावाने. दोन्ही शेजारी ठेवून बघाच.

शेवटी योन आंद्रेएस्कू. बुझाऊला ड्रॉइंग शिकवणारा मास्तर, ग्रिगोरेस्कूची चित्रं पाहून हलला, 1879 ला फ्रान्सला गेला, त्याच बार्बिझोंच्या रानात रंगवलं आणि 1882 मध्ये क्षयाने वारला, वय फक्त 32. दोन टॅब उघडा, एकात ग्रिगोरेस्कूने काढलेला 'बार्बिझोंमधला आंद्रेएस्कू', दुसऱ्यात आंद्रेएस्कूचा बार्बिझोंचा हिवाळा. एकात उजेड नाचतोय, दुसऱ्यात जमीन जड आहे, गप्प आहे, आणि मला विचाराल तर दुसरा टॅब मी जास्त वेळ उघडा ठेवते.