विहिरीत उतरण्याआधी दोर बांधा, पडलेल्याच्या मागे कोणीही उतरू नका

चैत्र संपत आला की मराठवाड्यातील विहिरी तळ गाठतात आणि मृगाच्या आधी गाळ काढणे, खोली एक-दोन परस (पुरुषभर उंचीचे माप) वाढवणे, आडवे बोअर मारणे ही कामे साऱ्या शिवारांत एकदमच सुरू होतात. याच दिवसांत विहिरीच्या तळाशी साचलेल्या वायूने माणसे दगावतात, आणि मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे की पहिला माणूस बहुधा एकटा जात नाही. तळाशी कोसळलेला गडी पाहून काठावरचा भाऊ किंवा मालक क्षणाचाही विचार न करता त्याच्या मागे उतरतो, त्याच्या मागे तिसरा उतरतो, आणि पेरणीच्या तोंडावर एका घरातली कर्ती माणसे एकाच दिवशी जातात. म्हणून या वेळच्या सल्ल्यात बाकीची कामे फक्त नोंदवून ठेवतो.

नांगरट उरकून जमीन तापू द्यावी. मातीचे नमुने द्यावेत. कुजलेले शेणखत पसरावे. घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासावी, १०० पैकी किमान ७० दाणे उगवले पाहिजेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत सोयाबीन पेरू नये. बियाण्याला कार्बोक्झिन अधिक थायरम हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रतिकिलो चोळावे. कापसाची लागवड १ जूनच्या आधी करू नये.

आता विहिरीकडे येतो. गाळात कुजणारा पालापाचोळा हवेतला प्राणवायू खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने तळाशीच बसून राहतो. उन्हाळ्यात दिवसा वरची हवा तापून हलकी झालेली असते आणि विहिरीतली थंड, जड हवा जागची हलत नाही, त्यामुळे भर उन्हात विहीर गार वाटते म्हणून ती सुरक्षित आहे असे मुळीच समजू नये. गाळ तुडवला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइडही बाहेर पडतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते, पण प्रमाण वाढले की हाच वायू वासाची जाणीव मारून टाकतो आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो. सकाळी आठ वाजता सुखरूप उतरलेला माणूस दहा वाजता कोसळतो, त्याचे एक कारण हेच आहे. उपशासाठी डिझेल इंजिन विहिरीत उतरवले तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाशीच कोंडतो, त्यामुळे इंजिन काठावर आणि तेही वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावे. सुरुंग उडवल्यावर धूर पूर्ण निघेपर्यंत उतरू नये असा नियम आहे. माझे मत याहून कडक आहे: त्या दिवशी उतरूच नये. आभाळ दाटून हवा पडलेली असेल त्या दिवशी वायू जास्त साचतो असा माझा अनुभव आहे, तेव्हा अवकाळीचे ढग असताना हे काम पुढे ढकलावे.

कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत चांगली आहे, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. हवेत एरवी सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा असुरक्षित मानतात, मात्र ज्योत विझते ती साधारण १६ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कंदील विझला तर उतरू नये हे पक्के, पण तो जळत राहिला म्हणून उतरावे असे नाही. विषारी वायू कंदिलाला कळत नाही आणि शेणाच्या स्लरीच्या खड्ड्यात तर ज्योत नेणेच घातक आहे, कारण तेथे मिथेन असतो. खरे उत्तर चार वायू मोजणाऱ्या मीटरचे आहे. एकट्या शेतकऱ्याला तो महाग पडतो, पण ग्रामपंचायतीने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एक घेतला तर साऱ्या गावाचे भागते.

सहा मीटर व्यासाच्या आणि पंधरा मीटर खोल विहिरीत सुमारे ४२० घनमीटर हवा असते, ती घरातला पंखा काठावर ठेवून बदलत नाही. खोदकामासाठी आणलेल्या ट्रॅक्टर-कॉम्प्रेसरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा मारावी आणि माणूस खाली असेपर्यंत ती चालूच ठेवावी. काहीच साधन नसेल तर लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून तळापर्यंत वरखाली करण्याची पद्धत आहे. त्याने हवा ढवळली जाते, पण केवळ त्याच्या भरवशावर माणूस उतरवू नये.

दुकानातून ‘गॅसचा मास्क’ म्हणून मिळणारा फवारणीचा मास्क येथे काहीच कामाचा नाही. तो हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. वायू मारणारी पावडर म्हणून जे गळ्यात मारले जाते, त्यावरही एक रुपया घालवू नये. तोच पैसा जाड दोर आणि पाठीवर कडी असलेल्या अंगभर पट्ट्यावर खर्च करावा.

हा पट्टा आणि दोर पहिल्या माणसाच्या अंगावर उतरण्याआधीच असला पाहिजे. दोराचे दुसरे टोक यारीला (ओझे वर ओढण्याच्या यंत्राला) किंवा पक्क्या रहाटाला असावे आणि वर दोन माणसे केवळ दोरासाठी असावीत, ज्यांनी काहीही झाले तरी खाली जायचे नाही. एप्रिल २०२४ मध्ये आपल्या सीमेला लागून असलेल्या नेवासे तालुक्यात, स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढण्यासाठी एकामागून एक सहा जण उतरले. पाच जण गेले. वाचला तो कमरेला दोर बांधून उतरलेला होता. अमेरिकेतील नायॉश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ साली नोंदवले होते की अशा कोंदट जागांतील मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात.

खालच्या माणसाशी सतत बोलत राहावे. उत्तर अडखळले किंवा चक्कर येते म्हणाला, तर कारण न विचारता दोर ओढावा. तो दोराविना कोसळला असेल तर वरून तळाशी हवा मारावी, १०१ आणि १०८ ला फोन करावा, आणि भाऊ असो की बाप, उतरू पाहणाऱ्याला धरून ठेवावे. हे क्रूर वाटते याची मला जाणीव आहे, पण प्राणवायू अगदी कमी असेल तर दोन-चार श्वासांतच शुद्ध हरपते आणि वाचवायला गेलेल्याला मागे फिरायलाही वेळ मिळत नाही. वर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर मोकळ्या हवेत उताणे निजवून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावे.

धान्याचे जुने पेव, गोबरगॅसचा खड्डा आणि शौचालयाची टाकी यांनाही हाच नियम आहे. विजेचा धक्का बसून मोटारीच्या स्टार्टरला चिकटलेल्या माणसालाही आधी हात लावू नये. आधी वीज तोडावी.

काम संपून सर्व माणसे वर आल्यावरच पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकावी, प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम. गाळाचे काम उक्ते देताना दोर, पट्टा आणि कॉम्प्रेसर कोणी आणायचा हे आगाऊ ठरवून घ्यावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे दोन लाख रुपये खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरते आहेत. जमीन नसलेल्या मजुराच्या घरी त्यातले काही पोहोचत नाही, त्यामुळे हे साहित्य नसेल तर मालकानेच काम सुरू करू देऊ नये.