संदर्भातली लिंक मरण्याआधी जपून ठेवा

प्रबंधात एखाद्या ब्लॉगची लिंक द्यावी आणि परीक्षकांनी उघडेपर्यंत ते पानच गायब व्हावं, हे नेहमीचं दुखणं. उपाय फुकट आहे.

संदर्भ टिपतानाच इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारं संकेतस्थळ) उघडा. तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’ ही चौकट दिसेल. तीत पानाचा पत्ता चिकटवा, बटण दाबा आणि प्रत तयार होईपर्यंत जरा दम धरा. मिळालेली नवी लिंक संदर्भसूचीत मूळ लिंकशेजारी टाका. या लिंकच्या पोटात १४ आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. सुरुवात २०२४०३१५ अशी असेल, तर प्रत १५ मार्च २०२४ची. (वेळ मात्र ग्रीनिचची.) पान कधी पाहिलं होतं, हे नंतर आठवत बसायला नको.

प्रबंध सादर करायच्या आठवड्यावर हे ढकलू नका. तोवर काही पानं गेलेली असतात.

एक सांभाळा: लॉगिनमागची पानं अशी जपली जात नाहीत, काही संकेतस्थळं तर प्रत घेऊच देत नाहीत. म्हणून नवी लिंक उघडून हवा तो परिच्छेद खरंच दिसतोय का, ते बघा. नसेल तर पानाची पीडीएफ करून स्वतःजवळ ठेवा.