एसआयपी न थांबवता मनासारखी गाडी कशी घ्यायची

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला, हिंजवडीत नोकरी, लग्नाला दोन वर्षं झालीत, म्हणाला ताई गाडी घ्यायचीय, पाच वर्षं एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी ठराविक रक्कम) बंद ठेवली तर चालेल का? मागून त्याच्या बायकोचा आवाज, "कुठली घ्यायचीय ते पण सांग तिला." त्याला चालवायला मजा येईल अशी गाडी हवीय आणि घरात सगळे म्हणतायत की साधी घे, मायलेज बघ, उरलेले पैसे गुंतव. मी स्वतः या सगळ्यातून गेलेय, कोथरूडला राहते, गाडी चालवायचं वेड बाबांच्या मारुती ८०० वर पानशेत रोडला शिकले तेव्हापासूनचं. म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतेय.

आधी तीन गोष्टी आहेत का बघा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, घरातल्या सगळ्यांचा हेल्थ इन्शुरन्स (कंपनीचा सोडून स्वतःचा), आणि कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर टर्म इन्शुरन्स (तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना पैसे देणारा). यातलं एक जरी नसेल तर गाडीचा विषय वर्षभर पुढे ढकला, यावर माझं दुसरं मत नाही.

आता एसआयपी थांबवण्याचं गणित. समजा वय ३२, महिन्याला २० हजारांची एसआयपी, ती पाच वर्षं बंद ठेवली. म्हणजे १२ लाख गुंतवले गेले नाहीत. वर्षाला १० टक्के परतावा धरला (तेवढा मिळेलच असं नाही, पण हिशोबाला धरू) तर वय ५५ ला या न गुंतवलेल्या पैशाचे साधारण ९० लाख झाले असते. हा आकडा ऐकला की माणूस घाबरतो आणि गाडीचं नावच काढत नाही, पण तो आकडा २३ वर्षांनंतरचा आहे, ६ टक्के महागाई धरून आजच्या भावात आणला तर २३-२४ लाख होतात. म्हणजे आजच्या हिशोबाने पाच वर्षांच्या सुट्टीची किंमत मूळ पैशाच्या साधारण दुप्पट. हे नुकसान खरं आहे आणि मोठं आहे, म्हणून एसआयपी थांबवू नका असंच मी सांगते, पण "गाडी घेतली तर म्हातारपणी रस्त्यावर येशील" असं कुणी सांगत असेल तर तेही सोडून द्या. रक्कम थोडी कमी करावी लागली तर करा, पूर्ण बंद करू नका, कारण एकदा बंद केलेली एसआयपी परत चालू करायला माणसं वर्षानुवर्षं लावतात, माझ्या ऑफिसातच तीन जण आहेत असे.

मग गाडीचे पैसे कुठून आणायचे? गाडीचा वेगळा डबा. खरंच वेगळं बँक अकाउंट उघडा, ज्याचं डेबिट कार्ड घरी कपाटात राहील. मी पगाराच्या दुसऱ्या दिवशी २५ हजार त्यातल्या आरडीत जातील असं लावून टाकलं होतं, आणि ठरवलं होतं की दोन वर्षं गाड्यांचे व्हिडिओ बघायचे, शोरूममध्ये पाय ठेवायचा नाही. ७ टक्क्यांनी २४ महिन्यांत ६ लाख ४० हजारांच्या वर जमतात, व्याजावर टॅक्स लागतो तो वेगळा. पैशापेक्षाही मला याचा जास्त उपयोग झाला तो सवयीसाठी. गाडी नसतानाच ईएमआय भरायची रंगीत तालीम होते, आणि ज्या महिन्यात २५ हजार बाजूला काढताना जीव गुदमरतो तो महिना तुम्हाला खरं काय परवडतं ते सांगतो. माझे दोन महिने असे आले, एकदा बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि एकदा सोसायटीचा रंगकामाचा एकरकमी खर्च, आणि तेव्हाच मी ठरवलं की ईएमआय २० हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही.

हा डबा शेअर बाजारात ठेवू नका. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा इक्विटीत ठेवायचाच नाही, २०२० च्या जानेवारीत निफ्टी १२ हजारांच्या वर होता आणि मार्चमध्ये साडेसात हजारांपर्यंत आला, त्या मार्चमध्ये ज्याची गाडी बुक करायची होती त्याचं काय झालं असेल विचार करा. आरडी, एफडी, लिक्विड फंड (कमी जोखमीचा, हवे तेव्हा पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड), इतकं पुरे. आधीच इक्विटी फंडात बरेच पैसे आहेत आणि त्यातले थोडे गाडीसाठी काढायचेच असतील तर एक करा, वर्षापेक्षा जुनी युनिट्स विका आणि निम्मी मार्चमध्ये, निम्मी एप्रिलमध्ये विका. इक्विटीवरच्या लाँग टर्म नफ्यात एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत टॅक्स नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के आहे, दोन वर्षांत वाटून घेतलं की ती सूट दोनदा मिळते. वर्षाच्या आतली युनिट्स विकलीत तर २० टक्के.

पीपीएफला हात लावायचा विचार सुद्धा नको.

लोनचं आता. माझी गाडी ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-इन्शुरन्स सगळं धरून, साधारण साडेचौदा लाखांना पडली, साडेसहा डब्यातून आणि ८ लाखांचं लोन, ९ टक्के, ४ वर्षं. ईएमआय १९,९०० च्या आसपास, एकूण व्याज दीड लाखाच्या जरा वर. शोरूममधला माणूस सात वर्षांचं घ्या म्हणत होता, ईएमआय १२,९०० च होतो मॅडम, होतो खरा, पण व्याज २ लाख ८० हजारांवर जातं आणि सहाव्या वर्षी पण तुम्ही त्याच गाडीचे हप्ते भरत असता. चार वर्षांत बसत नसेल तर डबा आणखी सहा महिने भरा किंवा गाडी एक पायरी खाली उतरवा. आणि व्याजदर विचारताना "फ्लॅट की रिड्युसिंग" हे आधी विचारा, फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर लागतं, रिड्युसिंगमध्ये फक्त उरलेल्या रकमेवर. ५ टक्के फ्लॅट ऐकायला किती छान वाटतं, १० लाखांवर ५ वर्षांना व्याज अडीच लाख आणि ईएमआय २०,८३३, पण हेच रिड्युसिंगमध्ये ९ टक्क्यांच्या थोडं वर जातं. म्हणजे ते बँकेच्या ९ टक्क्यांपेक्षा अजिबात स्वस्त नाही. मुदतीआधी लोन फेडलं तर चार्ज किती, हेही लेखी घ्या, कार लोन बहुतेक फिक्स्ड रेटची असतात आणि त्यात हा चार्ज बऱ्याचदा असतो.

आता ज्यासाठी हे सगळं, ती गाडी. मजा येणारी म्हणजे महागडी किंवा खूप बीएचपीची असं डोक्यातून काढा. मला हवं होतं मॅन्युअल गिअर, घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ओढणारं इंजिन, आणि वळणात अंग न टाकणारी गाडी. माझ्या मैत्रिणीला हवी होती थार कारण तिला भोर-वरंधकडे पावसात कच्च्या रस्त्याला जायला आवडतं, तिला माझी सेडान फुकट दिली तरी नको. तुम्हाला नक्की काय आवडतं हे आधी माहीत पाहिजे आणि ते रिव्ह्यू बघून कळत नाही. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला बाणेर रोडवर दोन सिग्नल फिरवून आणतात, त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. मी रविवारी सकाळी सातची वेळ मागितली आणि बोपदेव घाटात न्यायची म्हणून सांगितलं, दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्याने दिली. येवलेवाडी सोडली की चढ लागतो, सेल्सचा मुलगा शेजारी बसून टचस्क्रीनवर काय काय दिसतं ते सांगत होता, मी दुसऱ्या गिअरमध्ये एक वळण घेतलं, स्टिअरिंग सरळ होता होता ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने कुठेही न अडखळता वर उचललं, मागचा भाग जराही हलला नाही, तेव्हा तो मुलगा पण बोलायचा थांबला आणि वरचा दांडा धरून बसला. ती गाडी म्हणजे फोक्सवॅगनची व्हर्टस १.० टीएसआय, सहा गिअर मॅन्युअल, इथेच चाकणला बनते. १.५ ची पण चालवली, ती भन्नाटच आहे, १५० पीएस, पण तिच्यासाठी लोन मोठं करावं लागलं असतं आणि घाटात मला १.० मध्येच पुरेशी मजा आली. शक्य असेल तर घ्यायचं ते मॉडेल दोन दिवस सेल्फ-ड्राइव्हने भाड्याने घ्या, घरच्यांना मागे बसवून ताम्हिणीला जाऊन या. मागच्या सीटवर आईची पाठ दुखली तर ती गाडी दोन वर्षांत विकली जाते.

बजेट कमी असेल तर चार मीटरच्या आतल्या गाड्या बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यापेक्षा मोठ्यांवर ४०. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनसारखी टर्बो हॅचबॅक या १८ मध्ये येते आणि पुण्याच्या पार्किंगमध्ये पण येते. नाहीतर तीन-चार वर्षं जुनी घ्या, गाडीची किंमत सगळ्यात जोरात पडते ती याच काळात, इन्शुरन्सच्या आयडीव्हीच्या (विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते ती) तक्त्यातच चौथ्या वर्षाला ४० टक्के घसारा धरलेला असतो, आणि ती घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. फक्त मालकी बदलायचे आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून घ्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५, परिवहनच्या साइटवर चलन बाकी आहेत का बघा, आणि आरसीवर तुमचं नाव लागेपर्यंत विकणाऱ्याच्या मागे लागून राहा.

ऑन-रोडचा कागद हातात आला की घरी आणा, तिथे सही करू नका. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, २० लाखांच्या वर १३ टक्के रोड टॅक्स, डिझेलला दोन टक्के जास्त. यात घासाघीस होत नाही. १० लाखांच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (डीलरने तुमच्याकडून आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स) लागतो तो रिटर्न भरताना परत मिळतो किंवा टॅक्समध्ये वळता होतो, बरेच जण विसरतात, इन्कम टॅक्सच्या साइटवर तुमच्या नावावर जमा झालेल्या टॅक्सची नोंद असते (२६एएस), तिथे बघा. घासाघीस होते ती इन्शुरन्समध्ये. मला शोरूमने ६२ हजारांचा कोट दिला होता, तेच कव्हर, झिरो डेप (क्लेम देताना पार्ट्सचा घसारा न कापणारं) धरून, बाहेर ४४ हजारांत मिळालं. बाहेरून घ्यायचा तुमचा हक्क आहे, डीलर अडवू शकत नाही. आणि "हँडलिंग चार्जेस" नावाचे ९,५०० होते, हे कसले म्हणून विचारलं तर उत्तर आलं नाही, तीनदा विचारल्यावर ओळच गेली.

आता माझं सगळ्यात आवडतं गणित, जे मला बाबांच्या पेट्रोलच्या वहीतून सुचलं. लाल पुठ्ठ्याची वही, चार रकाने, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि कडेला बारीक अक्षरात "क्लच वायर बदलली" वगैरे. त्यांनी ती ८०० चौदा वर्षं चालवली आणि विकली तेव्हा वही गाडीबरोबर द्यायला निघाले होते, आईने ठेवून घेतली. तर गणित असं. साडेचौदा लाखांची आवडती गाडी दहा वर्षं ठेवली आणि शेवटी ३ लाखांना गेली असं धरा, तर साडेअकरा लाख भागिले दहा, वर्षाला १ लाख १५ हजार. १० लाखांची "प्रॅक्टिकल" गाडी घेतली, मन रमलं नाही म्हणून चार वर्षांत साडेपाच लाखांना विकली, तर साडेचार लाख भागिले चार, वर्षाला १ लाख १२ हजार. जवळजवळ तेवढेच! वर नवीन गाडीचा रोड टॅक्स परत, लोन परत. म्हणजे आवडती गाडी परवडते ती तुम्ही ती किती वर्षं ठेवता त्यावर. सात-आठ वर्षं ठेवायची तयारी नसेल, दर तीन वर्षांनी नवीन मॉडेल बघून मन चळत असेल, तर मात्र हे गणित तुमच्यासाठी नाही, जुनी घ्या आणि स्वस्तातली घ्या.

टिकवायची असेल तर रोजच्या ट्रॅफिकमध्ये झिजवू नका. मी ऑफिसला वनाजवरून मेट्रोने कल्याणीनगरला जाते, कर्वे रोडच्या गर्दीत क्लच दाबत बसण्यात कसली मजा आलीये. गाडी वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर फिरते, त्यातले बहुतेक चांगले. शहरात १३ चं मायलेज आणि शंभरच्या वरचं पेट्रोल धरूनही महिन्याला पाच-सहा हजारांत भागतं, जुन्या गाडीला एवढे जातच होते. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग आणि टायरसाठी मी त्याच डब्यात महिन्याला ५ हजार टाकत राहते, म्हणजे २५ मधले २० ईएमआयला आणि ५ तिथे, टायरचं चाळीस हजारांचं बिल आलं तरी एसआयपीकडे बघावं लागत नाही.

लोन संपलं की काय करायचं तेही आत्ताच ठरवून ठेवा, नाहीतर ते २० हजार घरखर्चात विरघळतात. माझं पुढच्या वर्षी जूनमध्ये संपतंय. १२ हजार एसआयपी वाढवायला, ८ हजार परत गाडीच्या डब्यात, बँकेला तारीख आधीच देऊन ठेवलीय. भाऊ सध्या डब्याच्या दुसऱ्या महिन्यात आहे, बायको थारवर अडून बसलीय आणि तो स्विफ्टवर. दोघांना येत्या रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकात बोलावलंय, मैत्रीण थार घेऊन येतेय, मी माझी, ताम्हिणीपर्यंत आलटून पालटून दोघंही दोन्ही चालवतील.