थायरॉईडच्या गोळीचा ब्रँड बदललाय? या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर रोज एक तरी माणूस येतो, "ती नसेल तर दुसरी कुठलीही द्या, थायरॉईडचीच द्या." अहो कुठलीही काय? निओमर्कॅझोल पण थायरॉईडचीच गोळी आहे, पण ती थायरॉईड वाढलेल्यांची, थायरॉईड कमी असलेल्यांच्या म्हणजे तुमच्या गोळीच्या बरोब्बर उलट काम करणारी. त्यामुळे पट्टीवरचं नाव वाचून घ्या, लिव्होथायरॉक्सिन आहे का बघा, आणि मायक्रोग्रॅमचा आकडा तोच आहे का बघा. ५० च्या जागी ७५ घेऊन जाणारे आणि महिनाभर धडधड सहन करून मग विचारायला येणारे कमी नाहीत.

थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स, सगळ्यात औषध एकच. गोळीतली बाकीची भर मात्र कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे अंगात किती शोषलं जातं यात थोडा फरक पडू शकतो, आणि मायक्रोग्रॅममधल्या औषधात तो थोडा फरकही कधी कधी जाणवतो. फ्रान्समध्ये २०१७ साली लिव्होथायरॉक्स गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अॅसिड घातलं, मूळ औषध तेवढंच ठेवलं, तरी थकवा, चक्कर, केसगळती अशा हजारो तक्रारी आल्या. म्हणून पेशंटला "मनाचे खेळ आहेत" म्हणून उडवून लावणारेही मला पटत नाहीत.

पण दहातल्या निम्म्या वेळी तरी दोष ब्रँडचा नसतोच. आमच्याकडे येणाऱ्या एका काकू, वर्षानुवर्षं ७५ ची बाटली, उशाशी ठेवलेली, उठल्या की आधी गोळी. एकदा बाटली मिळाली नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची पट्टी नेली. पट्टी आली तशी सूनबाईंनी ती वारांच्या खणांच्या डबीत भरली, बीपी आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर, आणि काकू सगळं एकदम नाश्त्यानंतर घ्यायला लागल्या. दोन-तीन महिन्यांत टीएसएच (गोळी कमी पडली की रक्तात वाढणारा आकडा) वर, अंग जड, बद्धकोष्ठता, डॉक्टरांनी डोस १०० केला. काकूंचं ठरलं, ही कंपनीच बोगस! मग हट्टाने जुन्या कंपनीची बाटली आणली, आता १०० ची, आणि ती परत उशाशी गेली, रिकाम्या पोटी. झालं, झोप उडाली, हात थरथरायला लागले, छातीत धडधड, आणि काकू माझ्याशी भांडायला हजर की आता जुनी पण डुप्लिकेट यायला लागली. मी एवढंच विचारलं, गोळी घेता कधी? नाश्ता आणि कॅल्शियमबरोबर गोळी नीट शोषली जात नव्हती म्हणून डोस वाढला, आणि रिकाम्या पोटी तोच डोस जास्त झाला. ते सगळं ऐकल्यावर डॉक्टरांनी परत ७५ केली.

तेव्हा ब्रँड बदलला की वेळ बदलू नका. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफी नाही, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. "एवढा वेळ चहाशिवाय कसं राहायचं" म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

दुसरी डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे घाई. चार दिवस झाले नाहीत तर "सूट होत नाही" म्हणून तिसरा ब्रँड, आठव्या दिवशी टीएसएच, आणि रिपोर्ट बघून स्वतःच गोळी अर्धी. या औषधाचं अर्धं प्रमाण अंगातून जायलाच साधारण सात दिवस लागतात, टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे. त्याआधीचा रिपोर्ट म्हणजे अर्धवट शिजलेला भात. मी नव्या पट्टीवर स्केचपेनने सुरू केल्याची तारीख टाकून देतो आणि सांगतो, सहा ते आठ आठवड्यांनी टेस्ट, तोपर्यंत तीच कंपनी. मोबाइलवरून मागवत असाल तर खोका उघडताना नाव बघा, बदलून पाठवतात आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाकी किरकोळ. जुनी आणि नवी एक दिवसाआड घेऊन संपवू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर टेस्टआधी दोन दिवस बंद, नाहीतर रिपोर्टच चुकीचा येतो. गोळ्या गॅसजवळच्या फळीवर नकोत, उष्णता आणि दमट हवा या औषधाला चालत नाही.

हार्टचा पेशंट असेल आणि छातीत दुखलं किंवा ठोके अनियमित वाटले तर सहा आठवडे वगैरे काही नाही, लगेच दवाखाना. आणि दिवस गेले असतील तर ब्रँड बदलायच्या आधी डॉक्टरांना फोन, मला नाही.