साथ कोणत्या देशात जास्त वेगाने पसरतेय, हे कसं मोजायचं

एका देशात रोज पाच हजार नवे रुग्ण सापडतायत, दुसऱ्यात दोनशे. साथ कुठे वेगाने पसरतेय? एवढ्यावरून सांगता येत नाही. दहा दिवसांनी पाच हजारांचे दहा हजार झाले आणि दोनशेचे आठशे, तर वेग दुसऱ्या देशात जास्त आहे. पहिल्याचा आकडा दहा दिवसांत दुप्पट झाला, दुसऱ्याचा पाच दिवसांत. देशादेशांत ताडून पाहायचा तो हा दुप्पट होण्याचा काळ.

सुरुवात रोजच्या नव्या रुग्णांपासून करा, एकूण रुग्णांपासून नको. एकूण आकडा कधी उतरत नाही, त्यामुळे साथ ओसरू लागली तरी त्याची रेघ चढतीच दिसते. सरावासाठी कोविडचा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा देशवार आकड्यांचा संच चांगला आहे. तो मार्च २०२३च्या सुरुवातीपर्यंतचा आहे. त्यात एकूण आकडे असतात, म्हणून आजच्यातून कालचा वजा करून रोजचा काढावा लागतो. वजाबाकी ऋण आली तर त्या देशाने जुन्या नोंदी दुरुस्त केल्यात असं समजा आणि त्या तारखेवर खूण करा. ऋण आकडा गुपचूप शून्य करू नका.

शेजारच्या कॉलममध्ये सात दिवसांची सरकती सरासरी काढा, म्हणजे तो दिवस आणि आधीचे सहा यांची. सातच, कारण शनिवार-रविवारी चाचण्या आणि नोंदणी मंदावते आणि तुंबलेले अहवाल पुढच्या दोन दिवसांत येतात. पाच दिवसांची सरासरी घेतली तर कधी दोन्ही सुट्ट्या आत येतात, कधी एकही नाही, आणि आलेखावर नसलेल्या लाटा उमटतात.

साथ सगळीकडे एकाच दिवशी पोहोचत नाही, म्हणून आडव्या अक्षावर तारीख न घेता ‘सरासरी ३० रुग्णांवर गेल्यापासूनचे दिवस’ घ्या. त्याखाली बाहेरून आलेल्या चार प्रवाशांनीही रेघ उडते. उभा अक्ष लॉग मोजपट्टीचा ठेवा: १०, १००, १,००० यांच्यात सारखं अंतर. त्यावर सारख्या वेगाच्या रेघा समांतर दिसतात, चढ जितका उभा तितका वेग जास्त. दर लाख लोकसंख्येमागे भागायची घाई इथे नको. भागल्याने अख्खी रेघ वर-खाली सरकते, चढ तोच राहतो. रुग्णालयांवरचा भार ताडताना मात्र ते भागणं हवंच.

आता हिशेब. शेवटच्या सरासरीला पहिल्या सरासरीने भागा, त्याचा १० पायाचा लॉग घ्या, आणि ०.३०१ (हा २ चा लॉग) गुणिले मधले दिवस या गुणाकाराला त्याने भागा. आठशे भागिले दोनशे म्हणजे ४, त्याचा लॉग ०.६०२, ३.०१ भागिले ०.६०२ म्हणजे ५ दिवस. पहिल्या आणि शेवटच्या सरासरीत ७ ते १४ दिवसांचं अंतर ठेवा. उत्तर ऋण आलं तर तो निम्मं होण्याचा काळ. गुणोत्तर १ च्या आसपास असेल तर उत्तर शेकडो दिवसांत जातं आणि त्याला अर्थ राहत नाही. तेव्हा या आठवड्याची बेरीज भागिले गेल्या आठवड्याची, एवढंच सांगा.

खरी गफलत मोजणीत होते. एखादा देश दहातला एकच रुग्ण शोधत असेल, पण पूर्ण काळ दहातला एकच, तरी त्याचा दुप्पट काळ बरोबर येतो. घोळ होतो तो हे प्रमाण मध्येच बदललं की. १२ फेब्रुवारी २०२०ला चीनच्या हुबेई प्रांताने लक्षणं आणि छातीच्या तपासणीवरून ठरवलेले रुग्णही मोजायला घेतले आणि एका दिवसात सुमारे १५ हजारांची भर पडली. विषाणूचा वेग त्या दिवशी वाढलेला नव्हता, व्याख्या बदलली होती. अशा ठिकाणी रेघ तोडा आणि दोन्ही बाजूंचा काळ वेगळा काढा. सरासरीवर विसंबू नका: ७,००० जुने रुग्ण एका दिवसात घुसले तर सरासरी सात दिवस १,०००ने फुगते आणि आठव्या दिवशी धाडकन पडते. आलेखावर नेमका सात दिवसांचा पठारासारखा उंचवटा दिसला की आधी हाच संशय घ्यावा.

ब्रिटनमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ रुग्ण स्प्रेडशीटच्या ओळींची मर्यादा संपल्यामुळे सुटले आणि नंतर एकदम जोडले गेले. तिथे नमुना घेतल्याच्या तारखेनुसार आकडे मिळत होते. तसे मिळाले तर तेच वापरा, फक्त शेवटचे चार-पाच दिवस गाळा, कारण ते अजून भरत असतात.

चाचण्याही तपासा. रुग्ण १०० वरून २०० झाले आणि चाचण्या १,००० वरून २,०००, तर पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण १० टक्केच राहिलं. या वाढीला प्रसाराचा पुरावा म्हणता येत नाही. रुग्ण दुप्पट होताना ते प्रमाणही चढत असेल तर प्रसार खरोखर वाढतोय, आणि बहुधा आकड्यापेक्षा जास्त.

पडताळणीसाठी मृत्यूंची रेघ काढा. कोविडमध्ये ती रुग्णांच्या मागे साधारण दोन-तीन आठवडे चालते. पण देशादेशांतल्या मृत्यूंच्या आकड्यांची थेट तुलना टाळा. बेल्जियमने वृद्धाश्रमांतले संशयित मृत्यूही धरले. इंग्लंडने ऑगस्ट २०२०मध्ये पॉझिटिव्ह चाचणीनंतर २८ दिवसांत झालेलेच मृत्यू धरायची अट लावली आणि एकूण आकडा पाच हजारांहून अधिकने खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ मिळून नेहमीपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख मृत्यू जास्त झाले, नोंदले गेले ते सुमारे ५४ लाख. भार मोजायचा तर हे जादा मृत्यू घ्या. वेगासाठी ते फार उशिरा हाती येतात.

देश मोठा असेल तर त्याची एकच रेघ काढू नका. एका प्रांतात साथ उतरत असताना दुसऱ्यात चढत असते, आणि बेरीज सपाट दिसते.