विश्वासाविषयी विचारणाऱ्याला उत्तर कसे द्यावे

बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे पंधरावे वचन आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते, पण बहुधा अर्धेच. आपल्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर देण्यास सदैव तयार असावे, हा भाग लक्षात राहतो. ते उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्यावे, हा भाग वादाच्या भरात विसरला जातो. येथे ‘उत्तर’ या अर्थी आलेला मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’ हा न्यायालयातला आहे. आरोपीने आपली बाजू शांतपणे आणि मुद्देसूद मांडणे, असा त्याचा अर्थ होतो. आरोपी न्यायाधीशावर ओरडत नाही आणि साक्षही बनवून आणत नाही. विश्वासाची बाजू मांडू इच्छिणाऱ्याने एवढे पथ्य आधी पाळावे.

पहिले काम प्रश्न नीट ऐकण्याचे आहे. ‘देव आहे हे कशावरून?’ हे वाक्य महाविद्यालयात जाणारी मुलगी बोलते, शेजारचे काका बोलतात आणि नुकतीच पत्नी गमावलेला भाऊही बोलतो. शब्द तेच असले तरी प्रश्न तीन वेगळे असतात. म्हणून लगेच वचने काढून दाखवू नयेत. ‘हे तुझ्या मनात कधीपासून आहे?’ असे विचारावे आणि समोरच्याचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे. माहीत नसेल तर ‘मला हे ठाऊक नाही, रविवारपर्यंत वाचून सांगतो’ असे म्हणावे आणि रविवारी खरोखरच सांगावे. हे दुसरे केले नाही तर पहिल्याला काही किंमत उरत नाही.

तयारी कोठून करावी, असे मला नेहमी विचारले जाते. माझे मत असे की सुरुवात पुनरुत्थानापासूनच, म्हणजे येशू मरणातून उठला या साक्षीपासूनच करावी, कारण प्रेषित पौलाने स्वतःच सगळा भार तेथे ठेवला आहे: ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आहे, असे तो करिंथकरांस स्पष्ट लिहितो. पहिल्या करिंथकरांस पत्राचा पंधरावा अध्याय घरात मोठ्याने वाचा आणि काळाचा हिशेब करा. हे पत्र इसवी सन ५५ च्या सुमाराचे, म्हणजे वधस्तंभानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेले आहे. त्यात पौल पाचशेहून अधिक साक्षीदारांचा उल्लेख करून त्यांतले बहुतेक अजून हयात असल्याचे सांगतो, आणि ही शिकवण आपल्यालाही आधीच्यांकडून मिळाली असेही नोंदवतो. मुलांना हे समजावताना मी किल्लारीच्या भूकंपाचे उदाहरण देतो. तो १९९३ साली झाला, म्हणजे त्याला तीस वर्षे उलटून गेली. तरीही त्याविषयी कोणी मनाचे काही लिहिले तर लातूर-धाराशिवकडची माणसे त्याला जागच्या जागी अडवतील. पौलाचे पत्र त्याहूनही कमी अंतरावर उभे आहे. याला रोमन इतिहासकार टॅसिटसची जोड द्यावी. त्याने इसवी सन ११६ च्या सुमारास लिहिताना ख्रिस्ताला तिबेरियसच्या कारकिर्दीत पंत पिलाताने देहदंड दिल्याचे नमूद केले, आणि तो ख्रिस्ती लोकांचा मित्र मुळीच नव्हता. मात्र यावरून जेवढे सिद्ध होते तेवढेच म्हणावे. ही साक्ष फार जुनी आहे, ती मागाहून रचलेली दंतकथा नाही, एवढे इतिहास दाखवतो. त्या साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा निर्णय ऐकणाऱ्याचा राहतो.

आपल्या घरांत मात्र टॅसिटसपेक्षा काश्मीर अधिक वेळा येते. रात्रीची जेवणे उरकल्यावर मुलगा मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, ‘बाबा, येशूची कबर श्रीनगरला आहे म्हणे.’ त्याला गप्प करू नका. शेजारी बसवून त्या चित्रफितीतील दावे सुटे करून दाखवा. त्यात सहसा दोन वेगळ्या कथा एकत्र केलेल्या असतात. पहिली निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाची. लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातील वास्तव्याची पोथी आपल्याला वाचून दाखवण्यात आली, असा दावा त्याने १८९४ साली पुस्तक काढून केला. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी अशी पोथी नसल्याचे आणि असा प्रसंग घडला नसल्याचे त्यांना सांगितले. दुसरी कथा श्रीनगरच्या रोजा बल या कबरीची. ती येशूची असल्याचे प्रतिपादन अहमदिया पंथाचे संस्थापक, कादियानचे मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले. आता मुलालाच विचारा की या दोन कथा एकमेकींशी जुळतात का. नोटोविचचा येशू तरुणपणी भारतात येऊन परत जातो आणि यरुशलेमेत मरण पावतो. कादियानच्या मांडणीतला येशू वधस्तंभावरून जिवंत उतरून काश्मीरला येतो. एक खरी धरली तर दुसरी आपोआप पडते. ही विसंगती मुलाने स्वतः शोधली, तर पुढची चित्रफीतही तो तशाच नजरेने पाहील.

हीच कात्री आपल्या बाजूच्या निरोपांनाही लावली पाहिजे, आणि येथे आपली मंडळी फार कमी पडते, हे मी दुःखाने लिहितो. नासाच्या संगणकाला बायबलमध्ये यहोशवासाठी सूर्य थांबल्याचे सांगितले आहे तो ‘हरवलेला दिवस’ सापडला, हा निरोप आपल्या गटांत वर्षानुवर्षे फिरत आहे, आणि तो निराधार आहे. विज्ञान शिकणारी मुले तो दोन मिनिटांत तपासतात. मग ज्या तोंडाने आपण तो वाचून दाखवला, त्याच तोंडून आलेली पुनरुत्थानाची साक्षही त्यांना तशीच वाटू लागते. ज्या निरोपाचा उगम सांगता येत नाही तो पुढे पाठवू नका, आणि पूर्वी पाठवला असेल तर त्याच गटात दुरुस्ती लिहा.

सिद्धान्तांपैकी त्रैक्यावर, म्हणजे एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहे या शिकवणीवर, सर्वाधिक विचारणा होते. पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण मी संडे स्कूलमध्ये कितीतरी वर्षे दिले. एके दिवशी नववीतल्या एका मुलाने हात वर केला: ‘सर, मग येशू बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत उभा होता तेव्हा आकाशातून कोण बोलले?’ वर्गातच मला कळले की मी जे शिकवत होतो ते सबेलियसचे मत होते, जे मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारले: एकच देव पाळीपाळीने तीन रूपे घेतो, असे ते मत. उपमा शोधत बसण्यापेक्षा मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली बाप्तिस्म्याची आज्ञा उघडावी. तेथे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघांचा उल्लेख आहे, पण ‘नाम’ हा शब्द एकवचनी आहे. देव एक आहे हे ज्यांच्या रक्तात भिनलेले होते अशा यहुदी माणसांनी हे लिहिले, हे सांगावे आणि थांबावे. मुस्लिम मित्राने विचारले असेल तर आपण तीन देव मानत नाही, हे सर्वांत आधी सांगावे.

‘हा साहेबाचा धर्म’ आणि ‘दुष्काळात धान्यासाठी बाटलेले लोक’ ही दोन वाक्ये ऐकताना रक्त तापते, म्हणून त्यांची उत्तरे आधीच शांतपणे तयार ठेवावीत. पहिल्याला उत्तर देणे अवघड नाही: फादर स्टीफन्स यांचे मराठी ओव्यांतील क्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधी, आणि ठाण्यात १३२१ साली ख्रिस्ती धर्मगुरूंनी आपले प्राण दिले, तेव्हा पोर्तुगीज या किनाऱ्यावर पोचलेही नव्हते. दुसऱ्या वाक्यात मात्र तथ्याचा अंश आहे आणि तो मान्य करावा. दुष्काळाच्या वर्षांत नगर भागात मिशनकडे येणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरे आहे. पण भुकेने आलेला माणूस पोट भरल्यावर परत जाऊ शकत होता. ज्यांना गावात पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते, त्यांच्या लेकरांना शाळेत बाकावर बसवले गेले, हे त्यांच्या राहण्याचे मोठे कारण होते. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या धर्मन्यायालयाचा विषय निघाला तर त्याचे समर्थन करू नका. आपल्या मंडळीत जात अजून लग्न जुळवताना डोकावते, हेही लपवू नका. झाकलेली गोष्ट दुसऱ्याने उघडी केली की पुढची सगळी साक्ष संशयित ठरते.

घरात ही तयारी वेगळ्या तासिकेने होत नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता मुलांशी या वचनांविषयी बोलत जा, असे सांगितले आहे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वासही आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला. कौटुंबिक प्रार्थनेनंतर दहा मिनिटे प्रश्नांसाठी ठेवा आणि त्यात एकच नियम पाळा: कोणत्याही प्रश्नाला ‘असे बोलू नये’ हे उत्तर द्यायचे नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि त्यानंतरही ज्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना शिकवले त्यांच्याशी त्या सिद्धान्तांवर पत्रांतून निकराने वाद घालत राहिल्या. पुढे त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे झिजल्या. वाद घालणाऱ्या मुलीकडे पाहताना हे आठवावे. घरात एकजण विश्वासात आणि दुसरा नाही, अशी स्थिती असेल तर घाई आणखीच टाळावी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत दोघांनी काय सोसले ते लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि त्यांचा निर्णय त्यांच्याच पायांनी चालत आला.

राहिला तो भाऊ, ज्याची पत्नी गेली. त्याने ‘देव आहे हे कशावरून?’ असे विचारले तर या लेखातले काहीही त्याला सांगू नका. बायबलमध्ये सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी एक शब्दही बोलला नाही. त्यांची चूक झाली ती त्यानंतर, युक्तिवाद सुरू केल्यावर. त्याच्या घरी जा, चहा तुम्हीच करा, मुलांच्या डब्याचे पाहा. त्यानेच प्रार्थना करायला सांगितले तर तेरावे स्तोत्र वाचा, ज्याची सुरुवातच ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ अशी आहे, आणि वाचून झाल्यावर त्याचा अर्थ समजावून सांगू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.